नऊ वर्षांचा उमेदवार

थोरल्याने जावईबापूंचा राजीनामा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, तो नेमका गरम भांड्याच्या झाकणावर. वाफेने कागदाचा एक कोपरा हळूहळू वर उचलला जाऊ लागला, तसं आईने त्यावर मिठाची वाटी ठेवली. जावईबापू समोरच बसले होते. काल अख्खी संध्याकाळ खपून लिहिलेल्या त्या चार ओळी मिठाखाली दबलेल्या पाहून त्यांच्या मनात आलं, आता या घरात त्या मुरणार.

आत्या नेहमीप्रमाणे जेवण अर्धं झाल्यावर आली. थोरल्याच्या वडिलांची, आप्पांची, ही धाकटी बहीण. पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची, घराखालच्या कारखान्यात तिचा पाव हिस्सा होता आणि रविवारच्या जेवणात त्याहून थोडा जास्त.

"कोण गेलं?" सगळ्यांचे चेहरे बघून तिने विचारलं.

"जावईबापू चाललेत," थोरला म्हणाला. "राजीनामा दिलाय."

"नोकरीचा की लग्नाचा?"

"नोकरीचा."

"मग तोंडं अशी का? मला वाटलं लग्नाचा." तिने खुर्ची ओढली. "बटाटे द्या इकडे."

तिची शंका तशी अगदीच अस्थानी नव्हती. जावईबापूंना या घरात बायको आणि नोकरी एकाच वर्षी मिळाली होती, दोन्ही आप्पांच्या हातून. फरक इतकाच, की लग्नाच्या बाबतीत त्यांना पहिल्या दिवसापासून कायम धरण्यात आलं होतं.

नोकरीचं तसं नव्हतं. ते रुजू झाले त्या वर्षी थोरला, म्हणजे त्यांचा मेव्हणा, व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करून आला होता आणि कुणाला तरी नेमणूकपत्र द्यायला त्याचे हात शिवशिवत होते. तोवर खालच्या कारखान्यात नेमणूकपत्र ही वस्तूच नव्हती. आप्पा माणसाला बघायचे, उद्यापासून ये म्हणायचे, आणि माणूस यायचा. थोरल्याने पत्र केलं. सहा महिने प्रोबेशन. त्या काळात कुठल्याही बाजूने एका आठवड्याच्या नोटिशीवर नोकरी संपवता येईल. कायम झाल्यावर मात्र तीन महिन्यांची नोटीस. आणि कायम कधी करायचं, या जागी त्याची लेखणी अडली होती, कारण तो अधिकार आप्पांचा. मग त्याने लिहिलं, 'कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे.' कागद साधा होता, घरात सगळ्यांना पाठ होता. गोंधळ होता तो रिवाजाचा.

हा कारखाना वजनं करायचा. औषधांच्या दुकानांत, सोनारांकडे, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांत पेटीत ओळीने बसलेली असतात ती पितळी वजनं. सगळ्यात मोठं मुठीत मावेल एवढं, सगळ्यात लहान नखाएवढ्या पत्र्याचं. असल्या वजनाला बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल, घाम, सगळं त्याला चिकटतं, आणि मग ते खोटं बोलायला लागतं. म्हणून चिमटा. प्रत्येक कारागिराचा स्वतःचा चिमटा, आणि तो आप्पा स्वतः करणार, त्या माणसाचा अंगठा कुठे टेकतो, बोट कुठे वाकतं ते महिनोन्‌महिने न्याहाळून. ज्या दिवशी आप्पा तो हातात ठेवतील आणि म्हणतील, "घे, आता तू इथला," त्या दिवशी माणूस कायम. तोपर्यंत तोलखोलीच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला सामायिक चिमटा वापरायचा. 'उमेदवाराचा चिमटा' म्हणत त्याला.

जावईबापू नऊ वर्षं खिळ्यावरचा चिमटा वापरत होते.

सुरुवातीला त्यांनी वाट पाहिली. मग वाट पाहत नाही असं दाखवलं. पहिल्या काही महिन्यांत त्या चिमट्याने अंगठ्याला घट्टा पडला होता. मग एका हिवाळ्यानंतर हात बसला. आता तर त्यांना वाटायचं, इतका गुणी चिमटा अख्ख्या कारखान्यात नाही. नवे उमेदवार यायचे आणि कुरकुरायचे, "निसटतो हो हा." जावईबापू म्हणायचे, "चिमटा नाही निसटत, तुमचं लक्ष निसटतं. सवय करा." पण उमेदवारांना काही सवय व्हायची नाही. आप्पा काचेतून पाहायचे, मान हलवायचे, "हात थरथरतो" म्हणायचे, आणि थोरला एका आठवड्याची नोटीस द्यायचा.

"तर मुद्दा असा," थोरला आता म्हणाला. त्याने ताट बाजूला सारलं होतं, म्हणजे सभा सुरू झाली होती. "राजीनाम्यात लिहिलंय, एका आठवड्यानंतर मला मोकळं करावं. ते होणार नाही. जावईबापू आपले कायम कर्मचारी आहेत. तीन महिने."

जावईबापूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी काय आहे?"

"कायम."

"दादा, उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जाणार होतो. मी रजा मागितली. तुम्ही काय म्हणालात?"

"ते वेगळं."

"तुम्ही म्हणालात, प्रोबेशनवरच्या माणसाला भरपगारी रजा बसत नाही. माझा नाइलाज आहे, म्हणालात. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या."

"सर्दी होती मला."

"त्याआधीच्या उन्हाळ्यातही हेच म्हणाला होतास, दादा," धाकटी म्हणाली. ही जावईबापूंची बायको, थोरल्याची बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची आणि भावाशी बोलताना तोच वर्गातला आवाज काढायची. "त्याच्याही आधी. मी म्हटलं, नऊ वर्षं कुठे प्रोबेशन असतं का? तर तू म्हणालास, चिमटा दाखव."

"बरोबर," जावईबापू म्हणाले. "आणि चिमटा नाही. म्हणून मी प्रोबेशनवर. म्हणून एक आठवडा."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं मात्र, आणि टेबलावरची एक बाजू त्यांच्या नकळत हलली. धाकटीने सावकाश त्यांच्याकडे मान वळवली.

"म्हणजे तुम्हाला हे मान्य आहे?"

"अगं, मान्य म्हणजे..."

"नऊ वर्षं मी या घरात भांडतेय. माझा नवरा कायम आहे, माझा नवरा कायम आहे. आईशी भांडले, दादाशी भांडले, आत्यालासुद्धा सोडलं नाही. आणि तुम्ही आज सगळ्यांसमोर सांगता की मी उमेदवाराची बायको?"

"आठ दिवसांपुरती," जावईबापू हलकेच म्हणाले.

"बघा!" थोरला म्हणाला. "धाकटीसुद्धा माझ्या बाजूची."

"मी कुणाच्या बाजूची नाही. मी फक्त चिडलेय."

आपण हे भांडण जिंकतो आहोत आणि जिंकताना आपल्याला अजिबात बरं वाटत नाहीये, हे जावईबापूंच्या ध्यानात आलं. विद्यापीठाच्या मापन प्रयोगशाळेतलं पत्र त्यांच्या खिशात होतं. तोलखोलीचा प्रमुख. काचेआडचे काटे, ते इतके हळवे की कुणी शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी रुसतात. एक तारखेला हजर व्हा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. एक तारीख जेमतेम दहा दिवसांवर आलेली. तीन महिने थांबलं तर तिथे दुसरा कुणी बसलेला असणार, आणि असली जागा काही दर वर्षी निघत नाही. आधीचा माणूस तिथे म्हातारा होऊन निवृत्त झाला होता. ती जागा हवी होती. आणि ती मिळवायची तर या टेबलावर, या माणसांसमोर, आपण कधीच इथले नव्हतो असं शाबित करायला हवं होतं.

"मी बोलू?" वहिनीने विचारलं. थोरल्याची ही बायको एका औषध कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळायची. आठवडाभर लोकांचे राजीनामे वाचून रविवारी तिला तो विषय नकोसा असायचा, म्हणून इतका वेळ ती मटार सोलत गप्प होती.

"बोल की," थोरला म्हणाला. "सांग यांना कायदा."

"कायदा ठिकठिकाणी वेगळा असतो. कुठे मुदत संपली की माणूस आपोआप कायम धरतात, कुठे तसं लेखी द्यावं लागतं. म्हणून आधी बघायचं, पत्रात काय लिहिलंय. तुमच्या पत्रात लिहिलंय, रिवाजाप्रमाणे. रिवाज म्हणजे चिमटा. चिमटा दिला नाही, म्हणजे तुम्हीच त्यांना नऊ वर्षं लटकत ठेवलं. आता जाताना त्या लटकण्याचा फायदा त्यांना झाला, तर तुम्ही कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? रजा देताना उमेदवार आणि सोडताना कायम? आमच्याकडे असं कुणी केलं तर मी स्वतः त्याला कामगार अधिकाऱ्यासमोर उभा करीन."

"मी तुझा नवरा आहे."

"म्हणून तर आधी घरी सांगतेय."

आत्याने टाळीच वाजवली. "शाबास! मी पण दिला होता एकदा राजीनामा. टेलिफोनच्या ऑफिसात. प्रोबेशनवर होते. साहेब म्हणाला, हसून बोलायचं, फोनमधून हसू ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, साहेब, आता जातानाचं हसू ऐका."

"आणि नोटीस?" वहिनीने विचारलं.

"नोटीस कसली? छत्री घेतली आणि निघाले."

"जावयाला नोटीस हा शब्दच मला कसा तरी वाटतो," आई म्हणाली. ती इतका वेळ मिठाच्या वाटीकडे पाहत होती, कुणी ती उचलेल की काय या भीतीने. "जावयाने राजीनामा द्यायचा नसतो आणि आपण तो घ्यायचा नसतो. काय कमी पडलं हो तुम्हाला, जावईबापू?"

"काही नाही, आई." हे त्यांनी खरं म्हणून सांगितलं, आणि सांगताना खरं वाटलं नाही.

"आप्पा," थोरला म्हणाला. "तुम्ही बोला."

आप्पा टेबलाच्या टोकाला बसले होते. जेवताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि ते नेहमी सगळ्यांत शेवटी जेवण संपवायचे. त्यामुळे घरातली बहुतेक भांडणं त्यांच्याशिवाय मिटायची. वजन ओतून, घासून झालं की ते काही महिने फळीवर नुसतं ठेवायचं, मगच शेवटचं माप घ्यायचं, असं ते मानत. "वजन असो की माणूस, निवल्याशिवाय शिक्का नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. जावईबापूंनी नऊ वर्षांत ते इतक्यांदा ऐकलं होतं, की आपण अजून निवलो नाही की आता गारठलो, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

"बोलायचं काय त्यात," आप्पा म्हणाले आणि पावाचा तुकडा मोडला.

तेवढ्यात थोरल्याला युक्ती सुचली. ती सुचलेली सगळ्यांना दिसली, कारण अशा वेळी त्याचे कान लाल व्हायचे. "मग द्या ना आत्ता!"

"काय?"

"चिमटा! आप्पा, आजच्या आज त्यांना चिमटा द्या. रिवाज पुरा. जावईबापू कायम. आठवडा पुरा व्हायच्या आत कायम झाले म्हणजे तीन महिने लागू!"

"राजीनामा दिल्यावर?" वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकतोय आणि तुम्ही त्याला मागून घरात ओढून म्हणता, या, स्वागत?"

"नियमात कुठे म्हटलंय की नाही म्हणून?"

"नियमात हेही म्हटलेलं नाही की तुम्ही रोज सकाळी दात घासावेत."

पण आप्पांनी खुर्ची मागे सारली. हात धुतले, पुसले, एकेक बोट वेगळं, जसे ते तोलखोलीत जाण्याआधी पुसायचे. आणि जिन्याने खाली गेले.

खालून कारखान्याचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. थोरला विजयी मुद्रेने पाणी प्यायला.

धाकटीने खुर्ची थोडी जवळ घेतली. तिचा वर्गातला आवाज गेला होता. "दिला तर घ्याल?"

जावईबापूंनी मनाशी तोलून पाहिलं. घेतला तर विद्यापीठ गेलं. नाही घेतला तर? इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात तसं हे होतं, पण नेमकं तसंही नव्हतं, कारण यातल्या एका विहिरीत उडी मारायला ते नऊ वर्षं काठावर बसून होते. त्यांनी टेबलाखाली स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो आपोआप थोडा उघडला होता. असला कसा हा हात, त्यांना वाटलं, मालकाला न विचारता उघडतो.

"पुढे नाही करणार," ते म्हणाले.

"हात तर उघडलाय तुमचा."

"तो त्याचा प्रश्न आहे."

आप्पा वर आले. त्यांच्या हातात चिमटा होता. पण तो नवा नव्हता, लखलखीत नव्हता, कापडात गुंडाळलेला नव्हता. खिळ्यावरचाच होता. वरच्या टोकाला टांगायचं भोक, त्याच्याशेजारी तो नेहमीचा ओरखडा.

"आप्पा, हा सामायिक," थोरला म्हणाला. "हा चालणार नाही. यांना नवा द्यावा लागेल."

आप्पांनी खिशातून सर्वांत लहान वजनांतलं एक बाद झालेलं काढलं. नखाएवढा पत्रा, एक कोपरा वर वळवलेला. तो त्यांनी टेबलावर टाकला आणि चिमटा थोरल्याच्या हातात दिला. "उचल."

थोरला हसला. कारखान्यात वाढलेला माणूस. त्याने उचलला, आणि पत्रा टिचकी मारल्यासारखा उडून मटारात पडला.

"निसटतो हो हा," थोरला म्हणाला.

जावईबापूंच्या तोंडावर "सवय करा" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

मटारातून पत्रा शोधण्यात थोडा वेळ गेला. मग वहिनीने करून पाहिलं, मग धाकटीने. धाकटीचा हात लहानपणापासून तयार, पण तिच्याही अंगठ्याखाली चिमटा आडवा फिरला. आत्या म्हणाली, मला चष्म्याशिवाय वजनच दिसत नाही, मला सोडा. शेवटी आप्पांनी चिमटा जावईबापूंपुढे धरला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पत्रा उचलला, मिठाच्या वाटीच्या काठावर उभा टेकवला, परत उचलला, आप्पांच्या तळव्यावर ठेवला.

"सवयीने," ते म्हणाले. "नऊ वर्षांची सवय."

"सवय नाही," आप्पा म्हणाले. "माप आहे."

कुणाला काही कळलं नाही.

"जुना उमेदवाराचा चिमटा माझ्या खणात आहे. आमच्या वडिलांनी केलेला. तुम्ही आलात त्या हिवाळ्यातच तो मी काढून ठेवला आणि हा टांगला. तुमच्या हाताचा. त्याच जुन्या पत्र्यातून कापला, तसंच भोक पाडलं, ओरखडासुद्धा ओढला. ओळखू येऊ नये म्हणून."

"पण का?" जावईबापूंचा आवाज त्यांना स्वतःलाच दुरून आल्यासारखा वाटला.

आप्पांनी आईकडे पाहिलं. आईने भांडी गोळा करायला घेतली.

"हिने लग्नातच बजावलं होतं. जावयाची परीक्षा घेतली असं दिसता कामा नये, आणि जावयाला अरे-तुरे नाही. आता मला सांगा, चिमटा देताना काय म्हणायचं? घे, आता तू इथला. 'तू' म्हणायची सोय नाही. घ्या, आता तुम्ही इथले, असं म्हणून पाहिलं मी, खाली, एकटाच. कुणा पाहुण्याला खोली दाखवतोय असं वाटलं. आणि चारचौघांत पास झालात म्हणायचं, म्हणजे आधी नापास धरलं होतं असं होतं. म्हटलं, टांगून ठेवतो. हातात आला की कळेल त्यांना."

"मला वाटलं, माझा हात बसला."

"तुमचा हात पहिल्या दिवसापासूनच बसलेला होता."

आत्याने कपाळाला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! केसाचंसुद्धा वजन काढून देणारी माणसं तुम्ही, आणि एवढी गोष्ट एकालाही मोजता आली नाही?"

धाकटी हसायला लागली. ती आधी आवाज न करता हसली, मग तिला आवरेना, आणि तिने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. जावईबापू चिमट्याकडे पाहत होते. रोज सकाळी तो खिळ्यावरून काढताना आत काही तरी खुपायचं. रोज संध्याकाळी परत टांगताना पुन्हा खुपायचं. आणि ती सगळी वर्षं तो त्यांचाच, त्यांच्या अंगठ्याच्या मापाने त्यांच्याच हातात.

"एक मिनिट," थोरला म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "म्हणजे रिवाज पुरा झालेला आहे. पहिल्याच हिवाळ्यात! म्हणजे जावईबापू तेव्हापासून कायम! मी काय म्हणत होतो? तीन महिने!"

हे मात्र कुणाला खोडून काढता येईना. जावईबापूंना तर खोडून काढायची इच्छाच उरली नव्हती, आणि हीच पंचाईत होती. विद्यापीठाची काचेची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू अंधुक होत चालली. गंमत म्हणजे त्यांना वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्ही पारडी इतकी बरोबर होती की काटा हलत नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," वहिनी नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज फारच गोड झाला. पंधरा वर्षांच्या संसाराचा अनुभव थोरल्याला होता. त्याने लगेच खुर्चीत अंग सावरलं. "ते पहिल्या वर्षापासून कायम. मग कायम माणसाची भरपगारी रजा?"

"ती... आता..."

"एकही दिवस दिलेली नाही. तुम्हीच दिली नाही. ती कुठे गेली?"

थोरल्याने पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"साठली," वहिनी म्हणाली. "कारखान्याचे नियम कुणी लिहिले? तुम्ही. न घेतलेली रजा साठत जाईल, तिला मर्यादा नाही. हे कुणी घातलं? मी तेव्हा म्हटलं होतं, मर्यादा घाला. तुम्ही म्हणालात, राहू दे, एकदा लांब कुठे तरी जाऊन येऊ. आणि त्याच्या खालीच, साठलेली रजा मालकाच्या संमतीने नोटिशीत वळती करता येईल."

"ते मी एका मोठ्या कंपनीच्या पुस्तकातून उतरवलं होतं."

"उतरवताना वाचलं होतं ना?" धाकटीने विचारलं.

"नऊ उन्हाळ्यांची रजा," आत्या म्हणाली. "त्यात नोटीस बुडून वर समुद्रसुद्धा बघून होईल."

"मालकाच्या संमतीने," थोरला शेवटचा दोर धरून म्हणाला. "संमती लागते. आप्पांची."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. जावईबापूंनी नाही पाहिलं. या माणसाने आपल्यासाठी एक खोटा ओरखडा ओढला होता; त्याच्याकडे आता जायची परवानगी मागायची, हे त्यांच्याने होईना. आप्पांनी मिठाची वाटी उचलली. राजीनाम्याचा कागद वाफेने वाकला होता, मिठाचे चार कण त्याला चिकटले होते. ते त्यांनी फुंकरीने उडवले, बोटाने नाही.

"तिकडचे काटे चांगले आहेत?" त्यांनी विचारलं.

"फार चांगले आहेत, आप्पा."

"दार आपटलं तर?"

"रुसतात."

आप्पांनी मान डोलावली. मग थोरल्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि राजीनाम्याच्या खाली संमतीची एक ओळ लिहिली. लिहायला त्यांना वेळ लागला. थोरल्याने वाकून वाचायचा प्रयत्न केला, तर त्यांनी कागदावर हात आडवा धरला, शाळेतल्या मुलासारखा.

वहिनी एकाएकी ताठ बसली. "आप्पा, म्हणजे इतकी वर्षं खिळ्याला उमेदवाराचा चिमटा नव्हताच?"

"नव्हता."

"मग जे उमेदवार आले, ते सगळे जावईबापूंच्या हाताच्या मापाच्या चिमट्याने..."

सगळ्यांना एकाच वेळी ते चेहरे आठवले. तो लांब बोटांचा, जो शेवटच्या दिवशी म्हणाला होता की घरी मी सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवतो. ती डावखुरी मुलगी. तो, ज्याने हात थरथरू नये म्हणून चहा सोडला होता.

"हात थरथरतो म्हणून काढलं त्यांना," वहिनी म्हणाली. "प्रोबेशनवर म्हणून! कारणसुद्धा विचारायची सोय नाही म्हणून!"

"मीच म्हणायचो, सवय करा," जावईबापू म्हणाले. आता त्यांना खरोखर शरम वाटली.

कारखान्यातून गेलेलं एखादं वजन खोटं निघालं तर आप्पा स्वतः पेटी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायचे. "त्यांना परत बोलवायचं," ते शेवटी म्हणाले. "येतील ते येतील. न येतील त्यांची माफी मागायची. थोरल्या, उद्यापासून तू जा एकेकाकडे."

"मी?"

"नोटीस तू दिलीस ना?"

थोरल्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने त्याच्यापुढे न सोललेले मटार सरकवले.

पेच संपला, तशी आई चहा टाकायला उठली, आणि जाता जाता म्हणाली, "बघू तरी विद्यापीठाचं पत्र कसं आहे." जावईबापूंनी खिशातून काढून दिलं. ते हातोहात फिरत आप्पांकडे गेलं. आप्पांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. अर्ध्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय आहे?"

"काय, आप्पा?"

"सहा महिने प्रोबेशन!"

"ते सगळ्यांनाच असतं, आप्पा," वहिनी म्हणाली.

"सगळ्यांना असेल! याला?" आप्पांचा आवाज या घरात फार वर्षांनी इतका चढला. "ज्याचा हात मी पहिल्या दिवशी पाहिला, त्याला हे सहा महिने तपासणार? कोण आहेत हे लोक? यांना कळतं का वजनातलं काही? कोण हा खाली सही करणारा? मी जाऊन बोलतो त्याच्याशी!"

"आप्पा, तुम्ही नऊ वर्षं..." धाकटीने सुरुवात केली.

"ते घरातलं होतं!"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि जावईबापूंनी तिच्यापुढे पाणी धरलं. वाकताना चिमटा त्यांनी डाव्या हातात घेतला, आणि मग सवयीने तो टांगायला जागा शोधू लागले. जेवणाच्या खोलीत खिळा नव्हता.

"खिशात ठेव तो," आप्पा म्हणाले.

आईने स्वयंपाकघराच्या दारातून वळून पाहिलं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि सहा महिन्यांत त्यांनी तुला कायम केलं नाही, तर सरळ परत ये."

"आणि आलो तर?" जावईबापूंनी विचारलं.

आप्पांनी विचार केला. पत्राची घडी घातली, कडा जुळवल्या, नखाने दाबली.

"आलास, तर बघू," ते म्हणाले. "खिळा आहेच."